हंगाम झाल्यावर पाहू

आमच्या नेर तालुक्यात कुणाच्याही घरी गेलात, तर आतल्या खोलीत खुंटीला एक पिशवी लटकलेली दिसेल. लग्नाच्या खरेदीबरोबर कापडाच्या दुकानातून आलेली, बंद जरा उसवलेले. त्या पिशवीत घराचा दवाखाना असतो. घडीवर घडी पडून फाटायला आलेल्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद, सोनोग्राफीची काळी फिल्म, अर्ध्या उरलेल्या गोळ्यांची पानं आणि तळाशी खोकल्याच्या औषधाचं मोजायचं झाकण. यवतमाळला किंवा अमरावतीला जायची पाळी आली, की ही पिशवी खुंटीवरून उतरते. घरातलं माणूस कधी पडलं, किती पैसे लागले, कुणाकडे नेलं, हा सगळा इतिहास तिच्यात सापडतो. तेच माणूस बरं होतं तेव्हा काय खात होतं, किती झोपत होतं, कुणाशी बोलून मोकळं होत होतं, याची नोंद मात्र घरात कुठेच नसते. पुढची पानं त्या न लिहिलेल्या नोंदीविषयी आहेत.

प्रस्तावनेचं नाव मी शोधून काढलेलं नाही, ते मला मिळालं. दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शेजारच्या एक मावशी दोन महिन्यांपासून कंबर धरून चालत होत्या. म्हटलं, मावशी, एकदा दवाखान्यात का जाऊन येत नाही? ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करता करता त्या म्हणाल्या, "आता कापूस फुटून रायला ना बाप्पा. हंगाम झाल्यावर पाहू."

हंगाम होतो कधी? मृगाचा पाऊस झाला की पेरणी. मग डवरणं, निंदणं, खत देणं. श्रावण-भादव्यात फवारणी. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापूस, संक्रांतीच्या सुमारास तूर, मागोमाग हरभरा. माल घरात येतो न येतो तोच लग्नसराई, आणि वैशाखाच्या उन्हात पुन्हा वखरवाही, बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव. या सगळ्या वर्षात दवाखान्यासाठी राखून ठेवलेला एक आठवडाही नाही. गावात दुकान चालवणाऱ्याचं हेच, त्याच्याकडे हंगामाला सीझन म्हणतात. भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं पोरगं म्हणतं, परीक्षा झाल्यावर पाहू. पोरीच्या लग्नाची काळजी लागलेला बाप म्हणतो, एकदा हिचं उरकलं की पाहू. प्रत्येकाने तब्येतीला रांगेत शेवटी उभं केलं आहे आणि रांग संपत नाही. प्रकृतीची किंमत आपण आजार आल्यावर करायला बसतो, आणि तेव्हा ती चढ्या भावानेच मोजावी लागते. मला सांगायचं आहे ते हे.

हे नेर म्हणजे नेर परसोपंत. धुळ्याकडेही एक नेर आहे. आपलं यवतमाळ–अमरावती रस्त्यावरचं. काळी जमीन, आणि तिच्यात पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. जास्तीचं काही निघालं तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर अमरावती, सेवाग्राम, नागपूर. म्हणजे उपचाराच्या वाटा अगदीच बंद आहेत असं नाही. त्या वाटेला लागायला आपण उशीर करतो.

खरं तर आरोग्य ही रोजची गोष्ट आहे, हे या मुलखाला दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नव्हती. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. तिथल्या खेळाडूंनी १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परक्या मैदानावर करून दाखवले. त्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. गाव झाडून झाल्याशिवाय देवाची गोष्ट नाही. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. शरीर कमावणं, वस्ती स्वच्छ ठेवणं, मन भजनात, चार माणसांत मोकळं करणं, ही तिन्ही कामं या मंडळींनी रोजच्या दिनक्रमात बसवली होती. कुणीही ती हंगामानंतर ढकलली नव्हती. आज घरोघरी बाबांचा आणि महाराजांचा फोटो आहे. त्यांचा दिनक्रम मात्र आपण सोडून दिला, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

याच मुलखात २०१७ चा पावसाळा आला. त्या वर्षाविषयी जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण "नंतर पाहू" या शब्दांचा अर्थ यवतमाळ जिल्ह्याने तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिला. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या छातीच्या वर गेली होती. बोंडअळीने शेतकरी धास्तावला होता. फवारणी एरवी कमरेच्या खाली पडते, ती आता तोंडासमोर होऊ लागली. दोन-तीन कीटकनाशकं एकाच पंपात कालवली जात होती. वर दमट ऊन. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात शेकडो माणसं विषबाधेने दवाखान्यात दाखल झाली आणि विसाहून अधिक दगावली. काहींची नजर अंधूक झाली. शासनाने विशेष चौकशी पथक नेमलं. बाधितांत स्वतःचं शेत नसलेले, रोजाने फवारायला गेलेले मजूर पुष्कळ होते.

पाठीवरच्या पंपाचं झाकण थोडं गळकं असतं. शर्ट पाठीला चिकटतो. माणूस तासन्‌तास तसाच ओला चालत राहतो. विष पोटात गेलं तरच बाधतं अशी आपली समजूत आहे, पण ते कातडीतूनही आत शिरतं, आणि घामेजलेल्या, तापलेल्या अंगात जास्तच शिरतं. यातली अनेक कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फेट गटातली. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला निरोप देतो आणि निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेज. ही विषं त्या विकरालाच अडवतात. निरोप पुसलाच जात नाही. मग घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते.

यातली बरीच लक्षणं पहिल्याच दिवशी हलकी हलकी दिसू लागतात. डोकं जड होतं, मळमळतं, डोळ्यांपुढे धूसर येतं. शरीर सांगत असतं. घरी येऊन माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल. लिंबूपाणी पितो, झोपतो, आणि सकाळी पुन्हा पंप पाठीवर घेतो, कारण दोन एकर राहिलेले असतात. फवारणीच्या विषाला आम्ही बोलताना "औषध" म्हणतो. "औषध मारायला गेला आहे," असं सहज म्हणतो. हा शब्द आपण बदलला पाहिजे असं मला फार वाटतं. घरातल्या लेकरांसमोर तरी त्याला विष म्हणा.

फवारणीवरच्या प्रकरणात वारा, हातमोजे, मिश्रण यांविषयी सगळं येईलच. इथे मजूर लावणाऱ्या माझ्या बांधवांना एक विनंती करतो. धुऱ्यावर साबण, एक घागर पाणी आणि एक कोरडा सदरा ठेवा. आणि फवारलेले हात धुतल्याशिवाय कुणालाही खर्रा घोटू देऊ नका.

खर्रा म्हटला की मला थांबावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात तो. पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी खर्रा पडतो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, म्हणजे चारात एकाहून जास्त, आणि त्यातले बहुतेक बिनधुराची, तोंडात धरायची. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिखट झोंबायला लागतं, मग घास लहान करावा लागतो. घरी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. आपलीच तीन बोटं जोडून उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जा, याच आठवड्यात जा.

आता मनाकडे येतो, आणि हा या पुस्तकाचा निम्मा भाग आहे. आमच्याकडे मन आजारी पडलं असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, जीव लागत नाही. हातपाय गळून जातात. छातीत धडधड होते. जेवण जात नाही. डोक्यात मुंग्या आल्यासारखं वाटते. "बरं वाटून नाही रायलं, पण काय होते ते सांगता येत नाही." माणूस हे सगळं घेऊन दवाखान्यात जातो आणि ताकदीचं सलाईन लावा म्हणतो. सलाईन लागतं, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग रक्त तपासतात, छातीची पट्टी काढतात, सगळं नॉर्मल येतं. आणि त्याला सांगितलं जातं, तुम्हाला काहीच नाही, टेन्शन घेऊ नका. माझ्या मते माणूस हातून सुटतो तो या वाक्यावर. कारण त्याचं दुखणं खरं असतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ते खोटं ठरत नाही. त्याने आपलं दुःख त्याला येत असलेल्या एकमेव भाषेत, शरीराच्या भाषेत सांगितलेलं असतं. ते ऐकणारा कुणीतरी हवा होता.

आमच्या लहानपणी "याला नागपूरला न्यावं लागते" हे वाक्य दबक्या आवाजात बोललं जाई. नागपूरचं मनोरुग्णालय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. त्या वाक्यानंतर घराचं दार बंद होत असे, सोयरिकी थांबत. म्हणजे मनाच्या दुखण्याला आमच्याकडे दोनच पायऱ्या होत्या, काहीच नाही, नाहीतर नागपूर. मधल्या पायऱ्या कुणी दाखवल्याच नाहीत. साधं नैराश्य, सततची काळजी, दारूची सवय, बाळंतपणानंतरची उदासी, अशी बहुतेक दुखणी त्या मधल्या पायऱ्यांवरच असतात आणि तिथेच बरी होऊ शकतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "कासव" हा २०१६ सालच्या चित्रपटांतला सर्वोत्तम म्हणून राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून गेला. नैराश्याने कोंडलेल्या एका तरुणाला माणसांच्या सोबतीने सावरायला लावणारा तो चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी घरच्यांसोबत जरूर पाहावा.

मधल्या पायऱ्या बांधता येतात, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी मनाच्या आजारांविषयी बोलायचं, त्रास असणाऱ्याला धीर द्यायचा, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं, अशी त्याची रीत. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांत जेमतेम चार जण कुठे तरी मदत मागत होते, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झालं. नवं इस्पितळ बांधावं लागलं नाही. गावातलं माणूस दारात येऊन बसलं आणि त्याने विचारलं, म्हणून हे झालं. मला या आकड्यांतून फार आशा वाटते.

आपल्या जिल्ह्यातही २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. त्यात आशाताई घरी येऊन विचारतात, झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का. पुष्कळ घरांत या प्रश्नांना "सगळं ठीक आहे" असं उत्तर देऊन ताईंना चहा पाजून पाठवलं जातं. वाचकहो, पुढच्या वेळी खरं उत्तर द्या. आणि ताई विचारत असताना घरातल्या कर्त्या पुरुषाने बाहेर ओट्यावर जाऊन बसू नये. बहुतेक वेळा प्रश्न त्याच्यासाठीच असतात.

कायदाही आता बाजूने आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरवलं आहे, की जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताण होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य. अजूनही गावात अशा घराकडे पोलिसांच्या भीतीने कुणी फिरकत नाही. ती भीती सोडून द्या आणि त्या घरी जा.

हे लिहिताना मला एका गोष्टीची जाणीव आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला "मन आनंदी ठेवा" असं सांगणं फार सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते, आणि तो दिवस आठवून अनेक जण दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग करतात. कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर आहे, पाऊस हुलकावणी देतो, या गोष्टी श्वासाच्या व्यायामाने सुटत नाहीत. भावाची लढाई भावाचीच लढली पाहिजे. तरी मी हे पुस्तक हातात देतो आहे, कारण ती लढाई लढायला माणूस उभा असावा लागतो. कर्ज आणि नैराश्य दोन्ही असलेल्या माणसाचं नैराश्य उतरलं, तर कर्ज तेवढंच राहतं, पण रात्री झोप लागते, आणि सकाळी बँकेत जाऊन बोलायची हिंमत येते.

शहरातल्या आरोग्यपुरवण्यांत येणारे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत, हेही सांगून ठेवतो. रोज चार किलोमीटर चाला, हे दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला कसं सांगायचं? तिला विश्रांती हवी आहे, आणि ताटात जास्तीचं काही हवं आहे. आपल्याकडे ती सगळ्यांची ताटं झाल्यावर उरेल ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या, म्हणजे प्रमाण वाढलं. ती "थकवा येते" म्हणते तो आळस नाही, तिच्या अंगात रक्त कमी आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी, हे सगळं आपल्या शेतातलंच आहे. तिने ते सगळ्यांबरोबर बसून, पोटभर खावं. आहाराचं प्रकरण इथूनच सुरू होतं.

गावात बसून काम करणाऱ्याची अडचण उलटी. त्याला चालायलाच हवं. त्याच्यासाठी दुसरं एक सांगणं आहे, रक्तदाबाच्या गोळीविषयी. "बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली," हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते प्रत्येक पानाच्या तळाशी छापावं असं वाटतं. बीपी नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणून. गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. खर्चाचं कारण आता तेवढं उरलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

शरीराची आणि मनाची प्रकरणं या पुस्तकात आलटूनपालटून आली आहेत, ती मुद्दाम. झोप उडाली की साखर वाढते, साखर वाढली की चिडचीड वाढते, उदास माणूस गोळ्या घ्यायचं विसरतो. घरात हे असंच एकात एक येतं, म्हणून पुस्तकातही तसंच ठेवलं.

पुस्तक उघडण्याआधी दोन कामं करा. खुंटीवरची ती पिशवी काढा आणि तिच्यावर बाहेरून, ठळक अक्षरांत १४४१६ हा आकडा लिहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेचा हा क्रमांक आहे. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसरं, मृग लागायच्या आधी एक सकाळ मोकळी काढा. घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात नाहीतर जवळच्या उपकेंद्रात जा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, बाईमाणसांचं हिमोग्लोबिनही पाहा, आणि तो कागद त्याच पिशवीत, सगळ्यात वर ठेवा.